फॉर्ममधला आजाराचा रकाना

बारावीचा निकाल लागला की धानोऱ्यातल्या नेट कॅफेसमोर रांगा लागतात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, बँक पासबुक, सगळं काढून ठेवलेलं असतं. फॉर्ममध्ये ‘दिव्यांग आहे का’ किंवा ‘काही गंभीर आजार आहे का’ हा रकाना आला की मात्र सिकलसेल असलेल्या मुलामुलींचे पालक पटकन ‘नाही’ म्हणून मोकळे होतात. या उत्तरामागे बेफिकिरी नसते, भीती असते, आणि ती अगदीच निराधार नाही. तरीही हे ‘नाही’ मुलांना महागात पडतं, असं माझं मत आहे. सगळ्यांना सगळं सांगत सुटणंही तितकंच महाग. आजाराची माहिती द्यावी ती लेखी, आणि त्या माहितीच्या बदल्यात काही देऊ शकेल अशाच माणसाला.

लपवण्याची ही सवय कुठून आली हे या तालुक्याच्याच इतिहासात दिसतं. १९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीत आले. त्यांच्या ‘सर्च’ संस्थेचं शोधग्राम धानोरा तालुक्यात चातगावजवळ आहे. त्यांच्या सुरुवातीच्या संशोधनांपैकी एक सिकलसेलवरचं होतं आणि हा आजार इथे आहे हे त्यातून सिद्ध झालं. पण ही लोकांची गरजच नव्हती, हे आपल्या नंतर लक्षात आलं, असं डॉ. बंग यांनी पुढे सांगितलं आहे. आजार कळला तरी त्यावर हाती द्यायला फारसं काही नव्हतं. बदल्यात काहीच मिळणार नसेल तर माणूस आपलं दुखणं चारचौघांत कशाला सांगेल? त्या काळी गप्प बसणं हे शहाणपणच होतं. आता हिशेब बदलला आहे, आणि पालकांपर्यंत नेमकं तेच पोचलेलं नाही.

हा बदल २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने झाला. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते, नव्या कायद्यात एकवीस आले, आणि हिमोफिलिया व थॅलेसेमियाबरोबर सिकलसेल आजारही त्यांत आला. दिव्यांगत्व किमान ४० टक्के ठरलं तर सरकारी आणि अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत पाच टक्के राखीव जागा आणि वयात पाच वर्षांची सवलत मिळते. टक्का कमी भरला तर सगळं संपलं, असंही नाही. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सोयींची तरतूद याच कायद्याच्या कलम १७ मध्ये आहे आणि तिथे ४० टक्क्यांची अट नाही. लेखनिकाची सोय ४० टक्क्यांपुरती अडवून ठेवता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार खटल्यात दिला. पण रोजच्या कॉलेजजीवनात याहून साध्या गोष्टींचा उपयोग जास्त होतो. शरीरातलं पाणी कमी झालं, थंडी बाधली, ताप आला किंवा दमछाक झाली की सिकलसेलच्या रुग्णाला असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. गडचिरोलीच्या उन्हाळ्यात वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवणं, मैदानावर धावण्यातून सूट, वसतिगृहाच्या वॉर्डनला जवळच्या रुग्णालयाचा नंबर माहीत असणं, यांना पैसा लागत नाही. हजेरीचंही तसंच. जुलैमध्ये अर्ज देऊन ठेवला असेल तर डिसेंबरातली गैरहजेरी समजून घेतली जाते. परीक्षेचा फॉर्म अडल्यावर तेच कारण पुढे केलं तर ती सबब वाटते.

पालकांचा पहिला आक्षेप असतो की असं लिहिल्याने प्रवेशच नाकारतील. बीए, बीएस्सीची गुणवत्ता यादी गुणांवर लागते, आजारावर नाही. वैद्यकीयसारख्या अभ्यासक्रमांत मात्र खरी अडचण होती. तिथेही ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका विद्यार्थ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की केवळ टक्केवारीवरून कुणाला अपात्र ठरवू नका, तो विद्यार्थी शिकू शकतो का ते तपासा. दुसरी धास्ती पोलीस भरतीची. या जिल्ह्यात ती स्वाभाविक आहे, कारण घरटी एखाद्याचं तरी ते स्वप्न असतं. पण भरतीची वैद्यकीय तपासणी वेगळी होतेच, कॉलेजच्या फॉर्मवरचं ‘नाही’ तिथे कामाला येत नाही. शिवाय मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. त्याचा सराव सिकलसेलच्या रुग्णाला थेट दवाखान्यात नेऊ शकतो. हे बारावीनंतर डॉक्टरांशी बोलून ठरवायचं, चार वर्षं मैदानावर घालवून नव्हे.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात खरा वाटतो: गावभर होईल, मुलीचं लग्न जमणार नाही. इथे आधी एक फरक लक्षात घ्या. ‘एएस’ म्हणजे वाहक. वाहक हा रुग्ण नसतो, त्याला सवलतीची गरज नसते आणि कॉलेजला ते कळवण्याचं काही कारणही नाही. लग्न ठरवताना दोन्हीकडच्यांनी तपासणी करून घ्यावी, पण तो घरातला विषय आहे. कॉलेजला कळवायचं ते ‘एसएस’, म्हणजे प्रत्यक्ष आजार असेल तर, आणि तेही नुसत्या प्राथमिक चाचणीवर नाही, तर खात्री करणारा इलेक्ट्रोफोरेसिससारखा अहवाल हाती आल्यावर. माहिती फुटते ती बहुतेक मधल्या हातांतून. फॉर्म भरणारा स्वतःचा मोबाइल नंबर टाकतो, ओटीपी त्याच्याकडे जातो, अहवालाचा फोटो त्याच्या कॉम्प्युटरवर तसाच राहतो, नाहीतर वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आपापली कागदं टाका’ असा निरोप येतो. तेव्हा नंबर आपलाच द्या, फाइल समोर उभं राहून डिलीट करून घ्या आणि ग्रुपवर वैद्यकीय कागद कधीच टाकू नका. २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदा संमतीला कारणाशी बांधतो: ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामापुरती ती वापरायची. ‘ही माहिती कशासाठी हवी’ हे बाबूला विचारणं उद्धटपणा नाही.

राहिला शेवटचा आक्षेप, की लहान कॉलेजात हे कुणाला माहीतच नसतं. खरं आहे. समान संधी केंद्राची पाटी असली तरी आत माणूस असेलच असं नाही. म्हणून तोंडी सांगून येऊ नये. प्राचार्यांच्या नावे एका पानाचा अर्ज लिहावा. त्यात आजाराचं वर्णन दोन ओळींत आणि मागणी सविस्तर असावी: हजेरीत सूट, परीक्षेत वेळ, पाणी, मैदानी तासातून मोकळीक. सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडावं, मूळ प्रत मात्र देऊ नये. ‘माहिती गोपनीय ठेवावी’ हे वाक्य अर्जातच असावं. अर्ज बंद पाकिटात द्यावा, आणि पोच म्हणून आपल्याकडच्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.