परदेशी एकटे निघण्यापूर्वी

पदवी हाती पडताच हिशेबनिसाच्या नोकरीसाठी मी एकटाच मस्कतला जाणार आहे. तयारीस लागल्यावर उमगले की, बॅग भरणे हे अगदी शेवटचे काम होय.

पहिले काम नावाचे. मराठी शाळेच्या दाखल्यावर माझे आडनाव एका स्पेलिंगने, दहावीच्या मार्कशीटवर कन्नड वळणाने! पासपोर्ट व पदवी यांत एका अक्षराचाही फरक नको, म्हणून दुरुस्ती आताच करून घेतली.

दुसरे कागदांचे. दहावी उत्तीर्णास १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखालील मंजुरी लागत नाही. पदवीवर मात्र 'अपॉस्टिल' हवे. तो हेग करार भारतात २००५ पासून व ओमानमध्ये २०१२ पासून लागू आहे.

तिसरे बँकेचे. आपले साधे बचत खाते 'एनआरओ' करावे लागते. परदेशी पगारासाठी 'एनआरई' खाते उघडावे. त्यावरील व्याज करमुक्त असते. त्यात आईचे नाव जोडता येते; पण माझ्या हयातीत ती ते मुखत्यारपत्रानेच चालवू शकेल.

'हयातीत' हा शब्द ऐकताच आई म्हणाली, "असलं काही बोलू नकोस रे." मुखत्यारपत्राचा मसुदा मात्र तिने माझ्याकडून तीनदा वाचून घेतला.