जेवणापूर्वीचा पेला : सणाच्या पंगतीसाठी हलकी पेये

सणाच्या किंवा सुट्टीच्या दिवशी आप्तेष्ट दुपारच्या जेवणास येतात, तेव्हा पाने वाढण्यापूर्वी त्यांच्या हाती काही थंड देण्याची रीत देशभर आहे. कोकणात कोकमाचे सरबत, केरळात संभारम, तमिळनाडूत नीर मोर, बंगालमध्ये भाजलेल्या कैरीचे सरबत, ओडिशात बेलाचा पणा, उत्तरेकडे जलजिरा. आहाराचा हिशेब करताना मात्र हा पेला कोणाच्याच मोजणीत येत नाही. पथ्य सांभाळणारी व्यक्ती जिलेबीला नको म्हणते. पण उन्हातून आल्याबरोबर पुढे आलेले सरबत एका दमात संपवते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली साखर, मध आणि फळांचा रस यांतील साखरेपासून मिळणारी ऊर्जा दिवसभराच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी. ती ५ टक्क्यांखाली आणल्यास अधिक हितकर. दिवसाला २,००० कॅलरी घेणाऱ्या प्रौढासाठी हे प्रमाण ५० ग्रॅम, शक्यतो २५ ग्रॅम इतके होते. कोलासारख्या ३०० मिलिलिटर पेयात सुमारे ३० ग्रॅम साखर असते. उसाच्या रसात दर १०० मिलिलिटरला १३ ते १५ ग्रॅम असते. खीर किंवा श्रीखंड अद्याप पानात यावयाचे असते, आणि दिवसाचा वाटा संपलेला असतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेह असलेल्या व्यक्तींची संख्या १० कोटींहून अधिक आहे. आपल्या पंगतीत असे कोणी नसेल, असे गृहीत धरू नये.

साखरेऐवजी गूळ किंवा मध वापरला की पेय निर्दोष होते, हा समज खरा नाही. रक्तातील साखर त्यांनीही वाढते. पन्ह्यात कैरीच्या गराच्या दुप्पट गूळ घालण्याची जुनी पद्धत आहे. गूळ निम्म्यावर आणून वेलदोडा, भाजलेले जिरे व किंचित मीठ घातल्यास पन्हे बेचव होत नाही, उलट कैरी अधिक जाणवते. फळांच्या ताज्या रसाविषयीही सावध असावे. तीन संत्री खावयास वेळ लागतो आणि पोट भरते. त्यांचा रस क्षणात संपतो व चोथा गाळणीतच राहतो. संत्र्याच्या फोडी वाढणे अधिक बरे.

हलक्या पेयांत पातळ ताकाला तोड नाही. दहा जणांसाठी सुमारे ४०० ग्रॅम दही घुसळून त्यात एक लिटरहून थोडे अधिक पाणी घालावे, ठेचलेले आले, कढीलिंब आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड मिसळावी. मीठ सर्वांस मिळून एक सपाट चहाचा चमचा पुरे. प्रौढांनी दिवसभरात ५ ग्रॅमहून कमी मीठ घ्यावे असे सांगितले जाते, आणि लोणचे, पापड, चटणी यांतून ते पुढे येणारच असते. उच्च रक्तदाब असलेल्यांसाठी मीठ घालण्यापूर्वीच थोडे ताक काढून ठेवावे. सैंधव व पादेलोण हेही मीठच होय. कोकमाचे आगळ आणि पुष्कळशी आमसुले मुळातच खारवलेली असतात; चाखल्यावाचून त्यांत मीठ घालू नये. पेला १५० मिलिलिटरचा असावा, म्हणजे भूक मरत नाही.

नारळपाणी उत्तम, परंतु त्यात पोटॅशियम असल्याने मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. जेवणाच्या आधी व नंतर तासभर चहा-कॉफी टाळावी, कारण त्यांतील टॅनिनमुळे अन्नातील लोह नीट शोषले जात नाही. सहा महिन्यांखालील बाळास आईच्या दुधाखेरीज काहीही, कौतुकाने चमचाभरसुद्धा, देऊ नये. एक वर्षाखालील बाळास मध देऊ नये.

सणाचे जेवण बहुधा उशिरा होते, आणि याच वेळी खरा प्रसंग ओढवतो. सकाळी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेतलेल्या वडीलधाऱ्या व्यक्तीला दोन-तीन वाजेपर्यंत ताटकळत ठेवू नये; तिचे पान वेळेवर वाढावे. हात थरथरणे, घाम फुटणे, एकाएकी गोंधळल्यासारखे होणे ही रक्तातील साखर उतरल्याची लक्षणे असू शकतात. व्यक्ती शुद्धीवर असून गिळू शकत असल्यास तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी. त्या वेळी ताक किंवा गोडी कमी केलेले सरबत उपयोगी पडत नाही. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी व वैद्यकीय मदत मागवावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

पाण्याच्या शुद्धतेविषयी शंका असल्यास ते खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळू द्यावे व झाकून निववावे. बर्फही त्याच पाण्याचा घरी करावा. गोठल्याने जंतू मरत नाहीत, त्यामुळे बाजारातील लादी फोडून सरबतात टाकणे टाळावे. ताक, लिंबू, कोकम, कैरी ही आंबट पेये तांब्याच्या किंवा कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ठेवू नयेत. धातू त्यांत उतरतो. स्टील, काच किंवा मातीचे भांडे वापरावे. ताक आयत्या वेळी शीतकपाटातून काढावे आणि बाहेर दोन तासांहून अधिक काळ राहिलेले पुन्हा पाहुण्यांपुढे ठेवू नये.