रेडिओलहरींचे समन्यायी वाटप

सांगली जिल्ह्यातील विटा हे खानापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण. यंत्रमागांसाठी ते प्रसिद्ध आहे. त्याचप्रमाणे सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायानिमित्त या परिसरातील अनेक कुटुंबे देशभर विखुरलेली आहेत. गावाशी त्यांचा संबंध आज प्रामुख्याने मोबाइलवर अवलंबून असतो. एकाच मनोऱ्यावरून अनेक ग्राहकांना सेवा देताना कोणाला किती द्यावे, हा प्रश्न म्हणूनच केवळ तंत्रज्ञांचा राहत नाही.

मर्यादित साधने

मनोऱ्याजवळ तीन साधने मर्यादित असतात : लहरींचा पट्टा, प्रक्षेपणाची शक्ती आणि वेळ. अनेक अँटेनांमुळे त्यांत दिशेची भर पडते. ३.५ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ८.६ सेंटिमीटर असते. त्यामुळे सुमारे चार सेंटिमीटर अंतरावर एक याप्रमाणे अनेक अँटेना एकाच फलकावर बसविता येतात. प्रत्येक अँटेनाची लहर अशा बेताने सोडली जाते की, एका ग्राहकापाशी लहरी परस्परांना बळ देतात आणि दुसऱ्यापाशी परस्परांना पुसून टाकतात. परिणामी एकाच पट्ट्यावर, एकाच क्षणी अनेकांना निरनिराळी माहिती पाठविता येते. भारतात ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या पाचव्या पिढीच्या सेवेत या तंत्राचा उपयोग होतो.

यालाही मर्यादा आहेतच. दोन ग्राहक मनोऱ्यापासून एकाच दिशेला असतील, तर त्यांच्या लहरी वेगळ्या करणे कठीण होते. त्यांना वेगवेगळ्या पाळ्या द्याव्या लागतात. शिवाय प्रत्येकाचा लहरीमार्ग वारंवार मोजावा लागतो आणि त्या मोजणीतही वेळ खर्ची पडतो.

न्याय कोणता?

समजा, मनोऱ्याजवळील ग्राहकाला पूर्ण वेळ दिल्यास १०० एकक माहिती पोहोचते आणि टेकडीआडच्या वाडीतील ग्राहकाला पूर्ण वेळ दिल्यास १० एकक. सर्व वेळ पहिल्याला दिल्यास एकूण १०० एकक साधतात. पण वाडीला काहीच मिळत नाही. दोघांना समान माहिती द्यावयाची, तर वेळेचे अकरा भाग करून त्यांतील दहा वाडीला द्यावे लागतात. तेव्हा प्रत्येकाला सुमारे ९ आणि एकूण केवळ १८ एकक मिळतात. समान वेळ दिल्यास ५० आणि ५, म्हणजे एकूण ५५ होतात.

प्रत्यक्षात बहुधा मधला मार्ग स्वीकारला जातो. त्या क्षणी ज्याला मिळू शकणारा वेग त्याच्या आजवरच्या सरासरीच्या तुलनेत सर्वांत अधिक, त्याला पाळी दिली जाते. यामुळे दूरचा ग्राहक कायमचा मागे पडत नाही आणि अनुकूल क्षणही वाया जात नाही. हा निर्णय यंत्र एका सेकंदात हजारांहून अधिक वेळा घेऊ शकते.

समन्यायी वाटपाचा विचार या तालुक्याला नवा नाही. येरळा नदीवर बलवडी परिसरात लोकसहभागातून उभ्या राहिलेल्या बळीराजा धरणामागे, पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबागणिक द्यावे आणि भूमिहीनांनाही त्यात हक्क असावा, हे तत्त्व होते. पाण्याचा समान वाटा मोजून देता येतो. लहरींच्या बाबतीत मात्र समान वेळ देऊनही समान माहिती पोहोचत नाही. म्हणून प्रत्येकाला किमान किती वेग मिळालाच पाहिजे, हे आधी ठरवावे लागते. उद्दिष्ट निश्चित झाल्यावर त्यानुसार वाटप करण्याचे काम गणित चोख करते. उद्दिष्ट ठरविण्याचे दायित्व मात्र समाजाचेच आहे.