घोड्यांच्या पाठीवर घर

मुलांनो, सोलापूर शहर मागे पडले की ठिकठिकाणी माळरान दिसू लागते. येथे वाळूचे डोंगर नाहीत; पण पाणी वाळवंटाइतकेच मोलाचे आहे. वर्षाकाठी सरासरी 550 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही लहरी. गवत, बाभळी, बोरी आणि उघडे आकाश! नान्नजचे माळढोक अभयारण्य 1979 साली अशाच माळावर स्थापन झाले.

अशा माळावरून धनगर मेंढपाळ मेंढ्या व घोडी घेऊन फिरतात. चला, त्यांच्याबरोबर एक दिवस चालून पाहू या.

तांबडे फुटायच्या आत चूल पेटते. भाकऱ्या होताच तळ मोडतो. भांडी, धान्य, घोंगड्या, कोंबड्या, सारा संसार घोड्यांवर चढतो. आधी पाठीवर पोत्यांची जाड घडी ठेवतात. मग दोन्ही बाजूंना सारखे ओझे बांधतात. ओझे एका बाजूला कलले तर पाठ सोलवटते आणि सगळे बिऱ्हाड अडून बसते. चालू न शकणारी कोकरे आणि लहान मुले वर बसतात.

बायका घोडी घेऊन पुढच्या मुक्कामाकडे निघतात. पुरुष मेंढ्या चारत मागून येतात. पाणी कोठे आहे, कोणते शेत मोकळे झाले आहे, याची चौकशी आधीच केलेली असते. अंदाज चुकला तर शेकडो जिवांना तहानलेले राहावे लागेल!

ही घोडी उंच नसतात. पण काटक असतात. भीमा नदीच्या थडीवरची म्हणून ती 'भीमथडी'. मराठ्यांच्या घोडदळात अशीच तट्टे होती. आपल्या राज्यगीतातही त्यांचा उल्लेख आहे. आता भीमथडी ही घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली आहे.

दुपारनंतर कापणी झालेल्या शेतात तळ पडतो. रात्री मेंढ्या शेतात बसतात, त्यांच्या लेंड्यांचे खत जमिनीला मिळते. त्याबद्दल शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. दोघांचाही फायदा!

ओझे उतरले की घोड्यांच्या पुढच्या पायांना सैल दोरी बांधतात, म्हणजे ती चरतात, पण दूर जात नाहीत. हा 'पायबंद'. उर्दूतला 'पाबंद' शब्द आठवला ना? लगाम, जीन, नाल, स्वार हे मराठी शब्दही तुमच्या ओळखीचेच आहेत.

अंधार पडताच कोकरांभोवती वाघर लावतात. माळावर लांडगे असतात. कुत्री रात्रभर जागी राहतात आणि माणसेही सावध झोपतात.

पुष्कळ लोक माळाला पडीक जमीन समजतात. परंतु त्याच गवतावर मेंढ्या, घोडी, काळवीट आणि लांडगे जगतात. माळ नांगरला गेला, कुंपणात गेला, की यांची वाट बंद होते. काही कुटुंबे आता टेंपोतून सामान नेतात. पण आडवाटेला घोडेच उपयोगी पडते.

मुलांनो, रस्त्यात असा तांडा भेटला तर थांबा. हॉर्न वाजवू नका, वाजवू देऊ नका. बुजणाऱ्या घोड्याच्या पाठीवर कदाचित एक लहान मूल बसलेले असेल.

शब्दार्थ
थडी – नदीचा काठ
बिऱ्हाड – घरातील माणसे व सामान
काटक – कष्ट सहन करणारा
वाघर – मेंढ्यांभोवती लावायचे जाळे
बुजणे – घाबरून बिथरणे

स्वाध्याय
1. घोड्यावर ओझे सारखे का बांधतात?
2. शेतात मेंढ्या बसवल्याने दोघांचा फायदा कसा होतो?
3. 'पायबंद घालणे' हा वाक्प्रचार वाक्यात वापरा.
4. मराठी व उर्दूत सारखे असलेले पाच शब्द लिहा.