सभाकक्षातील ध्वनीच्या वाटा

उत्तम प्रतीचे मायक्रोफोन व ध्वनिवर्धक आणूनही सभाकक्षात बोलणे नीट ऐकू येत नाही, असा अनुभव पुष्कळदा येतो. दोष बहुधा उपकरणांचा नसतो. कोणता आवाज कोठे जाऊ नये, हे कोणी ठरविलेलेच नसते.

एक उदाहरण घेऊ. मेजावर ८ मायक्रोफोन आहेत, एक संगणक आहे, आणि परगावचे सदस्य दूरसंपर्काने सभेत सामील झाले आहेत. आत येणाऱ्या वाटा १० झाल्या. बाहेर जाणाऱ्या वाटा ४: मेजावरील छतातले ध्वनिवर्धक, मागील रांगांवरचे ध्वनिवर्धक, परगावी जाणारी वाहिनी व ध्वनिमुद्रण. कागदावर १० ओळी व ४ रकाने आखले की ४० घरे होतात. तारा जोडण्यापूर्वीच प्रत्येक घरात ‘जावा’ किंवा ‘जाऊ नये’ असे लिहावे.

संगणकाचा आवाज चारही ठिकाणी जातो; ध्वनिमुद्रणात सर्वच आवाज हवेत. खरी अडचण परगावच्या आवाजाची. तो परगावी परत पाठवू नये. स्वतःचा शब्द सुमारे १/५ सेकंद उशिरा कानी पडला, तर कसलेला वक्ताही अडखळतो. परंतु ते घर रिकामे ठेवूनही काम संपत नाही. तोच आवाज छतातून निघून मायक्रोफोनात शिरतो व आडवाटेने परततो. तो वजा करण्यासाठी प्रतिध्वनिनिवारक योजतात. ध्वनिवर्धकांतून येणारा परगावचा व संगणकाचा आवाज त्यास नमुना म्हणून द्यावा लागतो. त्या नमुन्यात मायक्रोफोन मिसळले, तर निवारक कक्षातील वक्त्याचाच आवाज पुसू पाहतो. ही चूक सहजासहजी सापडत नाही.

मायक्रोफोनांचा आवाज मेजावरील छतात सोडू नये. तेथून तो पुन्हा मायक्रोफोनात येतो, पुन्हा वाढतो, आणि कर्कश शीळ उठते. तो फक्त मागील रांगांना द्यावा. उघड्या मायक्रोफोनांची संख्या दुप्पट झाली की शीळ न उठता आवाज वाढविण्याची मर्यादा सुमारे ३ डेसिबेलने घटते. एकाऐवजी आठही उघडे राहिले, तर ९ डेसिबेल गमवावे लागतात. म्हणून बोलणाऱ्यापुढील मायक्रोफोन तेवढा उघडा ठेवावा.

मागील रांगा वक्त्यापासून १० मीटर दूर असतील, तर हवेतून ध्वनी तेथे पोहोचण्यास सुमारे ३० सहस्रांश सेकंद लागतात. विजेला तेवढा वेळ लागत नाही. सबब त्या ध्वनिवर्धकांना तितकाच, किंबहुना किंचित अधिक, विलंब द्यावा. म्हणजे श्रोत्याला शब्द वक्त्याच्या मुखातूनच आल्यासारखा वाटतो.