देवाचा पलंग निघतो तेव्हा

मुळशीत आषाढी ऐन भाताच्या आवणीत येते. खाचरं भरलेली, रोपं उपटायला आलेली, वर पावसाची झड. त्यामुळं आमच्याकडं घरातलं एखादंच माणूस पालखीबरोबर पायी जातं. बाकीचे आवणी उरकून एसटीनं दशमीला पंढरपूर गाठतात, नाहीतर भात झोडून झाल्यावर कार्तिकीला जातात. मीही दोन्ही वाऱ्या करत आलो. पंढरपूरच्या विठ्ठलाच्या देवळाच्या गूढ गोष्टी सांगणारे रस्त्यात पुष्कळ भेटतात. माझ्या पदरात जे पडलं ते असं.

१. देव दमतो, हे आधी मानावं.

आषाढी जवळ आली की शेजघरातला विठ्ठलाचा पलंग बाहेर काढतात. ‘देवाचा पलंग निघाला’ असं पंढरपुरात म्हणतात. त्या दिवसापासून देवाला झोप नाही. काकडा, धूपारती, शेजारती बंद होतात आणि चोवीस तास दर्शन सुरू राहतं. उभं राहून पाठ अवघडू नये म्हणून देवाच्या पाठीशी कापसाचा मऊ लोड देतात, रखुमाईला तक्क्या देतात. रात्री लिंबूपाणी दाखवतात. गर्दी ओसरली की प्रक्षाळपूजा होते. त्या दिवशी देवाच्या पायांना लिंबू-साखर चोळतात, ऊन पाण्यानं न्हाऊ घालतात आणि रात्री शीण जावा म्हणून काढा देतात. मग पलंग पुन्हा आत जातो. दिवसभर चिखलात वाकून आवणी करून आलेल्या माणसाला आमच्या घरी असंच ऊन पाणी आणि सुंठीचा काढा मिळतो.

एका आषाढीला दर्शनबारीत माझ्यापुढं आमच्याच मावळातल्या एक आजी होत्या. रात्रभर उभ्या. गाभाऱ्याच्या दाराशी आल्यावर मागं वळून म्हणाल्या, “त्याचं पाय भरून आलं असत्याल बाबा. डोकं टेकव आन लगेच सरक म्होरं.” स्वतःच्या सुजलेल्या पायांबद्दल चकार शब्द नाही. पुढं गूढाच्या म्हणून जेवढ्या गोष्टी ऐकल्या, त्या मी या वाक्याशेजारी ठेवून पाहतो. टिकणारी अजून सापडलेली नाही.

हे फक्त आषाढीपुरतं नसतं. पाडव्यापासून मृगापर्यंत देवाला चंदनउटी लावतात आणि थंडीत अंगावर शाल, कानाला कानपट्टी बांधतात.

२. मूर्ती खरी कोणती, या वादात वारी अडत नाही.

अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी मूर्ती माढ्याला हलवली होती, असं सांगतात. संशोधक रा. चिं. ढेरे यांनी तर माढ्याची मूर्तीच आद्य असल्याचं मांडलं आणि त्यावर मोठं वादंग झालं. ढेऱ्यांचा ‘श्री विठ्ठल : एक महासमन्वय’ हा ग्रंथ प्रत्येक शिकलेल्या वारकऱ्यानं वाचावा, असं माझं स्पष्ट मत आहे. २०२४ च्या मेअखेरीस देवळाच्या दुरुस्तीत संत कान्होपात्रेच्या मंदिराजवळ तळघर सापडलं, आत जुन्या मूर्ती आणि पादुका होत्या. लोकांनी लगेच गुप्तधनाच्या कहाण्या रचल्या. मला मात्र आठवत राहिले ते हात, ज्यांनी कोणे एके काळी या मूर्ती सांभाळून खाली उतरवल्या.

३. पूजेत कोण काय करतो, ते नीट बघावं.

जुन्या रिवाजात पुजाऱ्याबरोबर आणखी सेवाधारी असत. बेणारी मंत्र म्हणायचे, परिचारक पाणी आणायचे, हरिदास पदं गायचे, डिंगरे आरसा दाखवायचे, दिवटे मशाल धरायचे, डांगे चांदीचा दंड घेऊन उभे राहायचे. बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं संपले आणि पूजेची व्यवस्था मंदिर समितीकडं आली. हे झालं ते योग्यच झालं. देवाला आरसा दाखवायला विशिष्ट घराण्यात जन्मावं लागू नये.

४. आत जाण्याआधी महाद्वारात थांबावं.

नामदेव पायरीवर कुणी पाय देत नाही. तिच्यासमोर संत चोखोबांची समाधी आहे. ज्या देवासाठी चोखोबांचा जीव तुटला, त्याच्या गाभाऱ्यात त्यांच्या अस्पृश्य ठरवलेल्या समाजाला जाता यावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात उपोषण करावं लागलं. शेकडो वर्षं तो दरवाजा बंद होता. आज आपण थेट देवाच्या पायांवर डोकं ठेवतो. हा पदस्पर्श सगळ्यांना मिळावा म्हणून कुणीतरी उपाशी राहिलं होतं, हे बारीतल्या पोराबाळांना सांगायला हवं. मी सांगतो.

५. गर्दी सोसवत नसेल तर मार्गशीर्षात जावं.

त्या महिन्यात देव गोपाळपूरजवळच्या विष्णुपदावर राहायला जातो, अशी श्रद्धा आहे. लोक तिथं शिदोरी घेऊन जातात आणि नदीकाठी जेवतात. मुळशीतही तोवर भात घरात आलेलं असतं.

६. चंद्रभागा आपल्या दारातून जाते.

मला हे फार उशिरा उमगलं असं नाही, शाळेच्या नकाशातच होतं. पण चंद्रभागेच्या वाळवंटात उभं राहिल्यावर ते अंगावर आलं. मुळा आणि मुठा या दोन्ही नद्या आमच्या तालुक्यात उगम पावतात. मुळशी धरणातलं बरंच पाणी वीज करायला सह्याद्रीपलीकडं भिऱ्याला उतरतं. उरलेलं पुण्यात मुठेला भेटतं, पुढं भीमेला मिळतं, उजनीत थांबतं आणि पंढरपुरात चंद्रभागा होतं. म्हणजे पौडच्या पुलावरून टाकलेली निर्माल्याची पिशवी वाळवंटातल्या पुंडलिकाच्या देवळाच्या दिशेनंच निघालेली असते. पुण्यातली घाण त्यात मिसळते हे खरं, आणि ती अडवण्यासाठी भांडायलाच हवं. पण सुरुवात आपल्या हद्दीत आहे. गणपतीनंतर, घटस्थापनेनंतर, दशक्रियेनंतर आमच्या घाटांवर काय उरतं ते मी पाहतो.

तेव्हा मुळशीतल्या माउलींनो, यंदा कार्तिकीला निघण्याआधी आपापल्या गावचा नदीघाट एकदा झाडून घ्या. निर्माल्य शेताच्या बांधावर खड्ड्यात पुरा, कपडे-गाद्या पाण्यात सोडू नका. दिंडीच्या बैठकीत हा विषय पहिला घ्या.