विषाणू सापडला म्हणून घाबरू नका, पण घरीही बसू नका



दोन मुले झाली, बाईचे ऑपरेशन झाले, आता दवाखान्याची पायरी चढायला नको, असे पुष्कळ घरांत म्हणतात. ऑपरेशनने पाळणा थांबतो. पण गर्भाशयाचे तोंड, म्हणजे पिशवीचे तोंड, जागच्या जागीच राहते. तिथला कर्करोग ऑपरेशन झालेल्या बाईलाही होऊ शकतो.

हा कर्करोग एच.पी.व्ही. नावाच्या विषाणूमुळे होतो. त्याचे प्रकार पुष्कळ आहेत, त्यांतले थोडेच जास्त धोक्याचे. १६ आणि १८ नंबरचे सर्वांत वाईट. नवरा-बायकोच्या संबंधातून तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. पुरुषाला बहुधा काही त्रास होत नाही, म्हणून त्याला पत्ताही लागत नाही.

तो किती बायकांत असतो? मराठवाड्यातलेच पाहा. १९९९ पासून उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांची मोठी पाहणी झाली. मुंबईचे टाटा हॉस्पिटल व बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल त्यात होते. काही गावांत विषाणूची तपासणी केली, तेव्हा शंभरांत दहा जणींना जास्त धोक्याचा विषाणू निघाला. म्हणजे पाणवठ्यावर दहा जणी जमल्या तर त्यांत एक.

ती एक बाई वाईट चालीची आहे काय? मुळीच नाही. जन्मभर एकाच नवऱ्याबरोबर संसार केलेल्या बाईलाही तो होतो, आणि वर्षानुवर्षे गुपचूप अंगात राहतो. तेव्हा कोणी कोणाकडून आणला हे शोधण्यात अर्थ नाही. दादा, चिठ्ठी पाहून बायकोला बोल लावू नका, तिला माहेरी धाडू नका. पुढच्या तपासणीला तिच्याबरोबर जा.

विषाणू सापडला म्हणजे कर्करोग झाला असेही नाही. बहुतेकींचा तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. थोड्या जणींत ठाण मांडून बसतो. मशेरी-तंबाखूची सवय आणि फार बाळंतपणे यांनी धोका वाढतो. तिथून कर्करोग व्हायला साधारण दहा-पंधरा वर्षे लागतात. एवढा वेळ हातात असतो, आणि लाजेपायी आपण तोच घालवतो!

पुढच्या तपासणीत पिशवीच्या तोंडाला पातळ व्हिनेगर लावून पाहतात. पांढरा डाग उठला व डॉक्टरांना गरज वाटली, तर तेवढाच भाग गोठवून किंवा शेकून नष्ट करतात. बाई त्याच दिवशी घरी जाते. एवढ्यासाठी सहसा पिशवी काढावी लागत नाही; कोणी तशी घाई केली तर सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

त्या पाहणीत आठ वर्षांनी हिशेब केला. विषाणूची तपासणी झालेल्या गावांत या कर्करोगाने ३४ बायका गेल्या. तपासणी नसलेल्या गावांत, जवळजवळ तेवढ्याच बायकांमागे, ६४.

संबंधानंतर किंवा पाळी कायमची गेल्यावर रक्त दिसले, अंगावरून घाण वासाचे पांढरे जाऊ लागले, तर एक दिवसही थांबू नका. निरोध वापरल्याने विषाणूची लागण कमी होते, पूर्ण टळत नाही. मुलगी ९ ते १४ वर्षांची असेल तर तिच्या लसीबद्दल नर्सबाईंना विचारा.

३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईने दर पाच वर्षांनी तपासणी करावी. पाळी संपल्यावर जावे. काम पाच-दहा मिनिटांचे आहे. सासूबाई पासष्टच्या आत असतील तर त्यांनाही बरोबर न्या.